मोठ्या जहाजावर ऐसपैस खोली कशी निवडावी आणि गर्दी कशी चुकवावी

लातूरला माझं हार्डवेअर आणि प्लायवूडचं दुकान आहे. समुद्राशी आमचा संबंध काय असणार? २०१६ साली आमच्या गावाला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. तरीही आजवर दोनदा क्रूझ करून आलो, दोन्ही वेळा सिंगापूरहून. पहिल्यांदा मी, बायको आणि दोन मुलं. दुसऱ्यांदा आई-दादांना (दादा म्हणजे माझे वडील) धरून सहा जण.

पहिल्या वेळी पस्तावलो. चौघांत मिळून एकच आतली, बिनखिडकीची खोली घेतली होती, तीही कुठं आहे हे न विचारता. निघाली ती पोहण्याच्या तलावाच्या बरोबर खाली. पहाटे साडेचारला डोक्यावर खुर्च्या ओढायला सुरुवात. लग्न उरकल्यावर मंगल कार्यालयात खुर्च्या गोळा करतात ना, अगदी तोच आवाज. सकाळी नाश्त्याला गेलो तर लातूरच्या गंजगोलाई बाजारात दिवाळीच्या आदल्या दिवशी असते तशी गर्दी. दुसऱ्या वेळचं जहाज जवळपास तेवढंच मोठं होतं, पण आम्हाला ते निम्मं रिकामं वाटलं. मधल्या काळात मी काय शिकलो ते खाली लिहितोय. दुकानात येणारा दर तिसरा माणूस विचारतो, "भाऊ, लई गर्दी असते म्हणे तिथं?" त्याला दरवेळी तोंडी सांगण्यापेक्षा हे बरं.

१. आधी महिना ठरवा, जहाज नंतर

आपण उलटं करतो. जहाजाचा फोटो आवडतो, मग मुलांच्या सुट्ट्या बघून दिवाळीची किंवा मे महिन्याची तारीख धरतो. त्याच तारखा सगळ्या महाराष्ट्रानं धरलेल्या असतात. शिवाय सिंगापूरच्या शाळांना जूनभर आणि नोव्हेंबरच्या मध्यापासून डिसेंबर अखेरपर्यंत सुट्टी असते, ती गर्दी वेगळी. जमत असेल तर जानेवारीचा दुसरा-तिसरा आठवडा किंवा ऑगस्ट बघा. चिनी नववर्ष जानेवारीच्या शेवटी किंवा फेब्रुवारीत येतं, ते टाळा. आणि शुक्रवारी निघून रविवारी परतणाऱ्या फेरीपेक्षा रविवारी निघून आठवड्याच्या मध्ये परतणारी फेरी बहुतेक वेळा मोकळी आणि स्वस्त असते.

मुलांची चार दिवस शाळा बुडाली तर बुडू द्या, असं माझं मत आहे. बायकोचं नाही.

२. जहाज किती मोकळं आहे, हे भागाकार करून बघा

जाहिरातीत "भव्य" सगळेच लिहितात. त्यापेक्षा दोन आकडे शोधा: जहाजाचं ग्रॉस टनेज आणि एका खोलीत दोन माणसं धरून होणारी प्रवासीसंख्या. टनेज म्हणजे जहाजाचं वजन असं मलाही वाटायचं. ते वजन नव्हे, आतल्या बंदिस्त जागेचं माप आहे. पहिल्या आकड्याला दुसऱ्यानं भागा.

सिंगापूरहून फिरणाऱ्या गेंटिंग ड्रीमचं टनेज साधारण १,५१,३०० आणि प्रवासी ३,३५२. भागाकार ४५. क्वांटम ऑफ द सीज आणि तिच्या बहिणी साधारण १,६८,६६६ टनाच्या, प्रवासी ४,१८०, भागाकार ४०. मुंबईहून जाणारं एम्प्रेस हे १९९० साली बांधलेलं जहाज ४८,५६३ टनाचं. सोळाशे प्रवासी धरले तर ३०. ढोबळमानानं ३० च्या आसपास म्हणजे दाटी, ४० म्हणजे ठीक, ४५ च्या वर म्हणजे मोकळं. बघा, लहान जहाज म्हणजे कमी गर्दी असं काही नसतं.

आता यातली खोच. हा हिशेब खोलीत दोघं धरून आहे. सुट्टीत तिसऱ्या-चौथ्या बिछान्यावर मुलं येतात. आयकॉन ऑफ द सीज हे अमेरिकेतून फिरणारं जहाज घ्या. टनेज २,४८,६६३, खोलीत दोघं धरून ५,६१० प्रवासी, म्हणजे भागाकार ४४. पण जास्तीत जास्त ७,६०० माणसं मावतात, आणि तेवढी आली की तोच आकडा ३३ वर येतो. जहाज तेच, सुट्टी आली की जागा चौथाईनं कमी. महिना आधी ठरवा म्हणालो ते यासाठीच.

३. खोली प्लायवूडच्या शीटमध्ये मोजा

चौरस फूट कागदावर कळत नाहीत. माझा धंदा प्लायवूडचा, म्हणून मी आठ बाय चारच्या शीटमध्ये मोजतो. एक शीट म्हणजे ३२ चौरस फूट. नेहमीची आतली खोली १६० चौरस फुटांच्या आसपास, म्हणजे पाच शीट. त्यात पलंग, कपाट, टेबल आणि संडास-बाथरूम सगळं आलं. बाल्कनीची खोली सहा शीट आणि वर बाल्कनीची दीड. स्वीट, म्हणजे सगळ्यात मोठी आणि महागडी खोली, दहा-बारा शीटची.

दुसऱ्या वेळी बुकिंगच्या आधी मी गच्चीवर खडूनं नऊ बाय अठराचा चौकोन काढला. एका कोपऱ्यात बाथरूमचा पाच बाय पाचचा तुकडा, मग पलंग, मग सोफा. चौघांना त्यात उभं केलं आणि म्हटलं, आता प्रत्येकानं आपली बॅग उघडा. धाकटा बाथरूमच्या रेषेवर पाय देऊन म्हणाला, "पप्पा, मी भिंतीत उभाय." विषय तिथंच मिटला.

प्रकार चार. आतली खोली, जिला खिडकी नाही. खिडकीची खोली, तिची काच उघडत नाही. बाल्कनीची खोली. आणि स्वीट. आतल्या खोलीत दिवा मालवला की डोळ्यात बोट घातलं तरी कळत नाही इतका अंधार होतो. पुष्कळ जहाजांवर टीव्हीवर पुढच्या कॅमेऱ्याचा चॅनल असतो, तो आवाज बंद करून चालू ठेवा. रात्रीचा दिवाही होतो आणि उजाडलेलंही कळतं.

चौघांच्या कुटुंबाला माझा सल्ला सरळ आहे: एका बाल्कनीच्या खोलीत चौघं कोंबण्यापेक्षा शेजारशेजारच्या किंवा समोरासमोरच्या दोन आतल्या खोल्या घ्या. दोन्हींचे भाव मागून बघा, फरक कित्येकदा तुमच्या अंदाजापेक्षा कमी निघतो. दहा शीट जागा मिळते, आणि मुख्य म्हणजे दोन बाथरूम. सकाळी आठला चार माणसं एका बाथरूमपुढं उभी राहिली की समुद्र कितीही निळा असला तरी दिसत नाही. तिसरा-चौथा बिछाना छतातून खाली उतरणारा किंवा सोफ्याचा असतो. तो उघडला की चालायला वीतभर जागा उरते. बुकिंगच्या वेळी प्रत्येक खोलीत एक मोठं माणूस दाखवावं लागतं, म्हणून कागदावर मी आणि मोठा एका खोलीत, बायको आणि धाकटा दुसरीत असं नाव लावा. वर गेल्यावर काउंटरवर जादा चावी-कार्ड मिळतं का ते विचारा. मग कोण कुठं झोपतं ते तुमचं तुम्ही बघा.

बाल्कनीचा मोह मीही समजू शकतो. आई-दादांना आम्ही बाल्कनीचीच दिली. दादा रात्री दोन-दोन तास मलाक्काच्या सामुद्रधुनीतून जाणाऱ्या मालवाहू जहाजांचे दिवे मोजत बसायचे. पण तिथं कपडे वाळत घालता येत नाहीत, हे निघण्याआधी घरी सांगून ठेवा. आईनं कठड्यावर पातळ टाकलं आणि दहा मिनिटांत दारावर टकटक झाली.

पैसा जास्त असेल तर काही जहाजांवर स्वीटवाल्यांसाठी स्वतंत्र भाग असतो: वेगळं जेवण, वेगळा तलाव. गेंटिंग ड्रीमवर त्याला पॅलेस म्हणतात. मी तिथं राहिलेलो नाही, दारावरचा माणूस किती नम्रपणे परत पाठवतो तेवढं माहीत आहे.

४. डेक प्लॅनचे तीन प्रिंट काढा

सगळ्यात जास्त वेळ इथं द्या. कंपनीच्या वेबसाइटवर प्रत्येक मजल्याचा नकाशा असतो. तुमच्या मजल्याचा, त्याच्या वरच्या आणि खालच्या, असे तीन प्रिंट एकाच मापात काढा. मग तुमचा आणि वरचा एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेला लावा, उजेडात दोन्ही दिसतात. लिफ्टचे चौकोन जुळवले की नकाशे बरोबर बसतात. आता तुमच्या खोलीवर काय येतं ते बघा. नंतर खालच्यासोबत तेच करा.

नियम एकच: वर खोली, खाली खोली. वर तलाव, बुफे, जॉगिंग ट्रॅक किंवा स्वयंपाकघर नको. खाली नाटकगृह, नाचगाण्याचा हॉल नको. मजले मोजताना घोटाळा करू नका, बऱ्याच जहाजांवर १३ नंबरचा मजला नसतोच; काहींवर ४ नंबरही गाळतात.

नकाशावर काही जागा कोऱ्या पांढऱ्या सोडलेल्या असतात. ती रिकामी जागा नव्हे. तिथं कर्मचाऱ्यांच्या खोल्या, ट्रॉल्या, धुण्याची गोदामं, सामानाच्या लिफ्ट असतात. पांढऱ्या चौकोनाला लागून खोली घेऊ नका.

दोन खोल्यांच्या मध्ये छोटी खूण असेल तर मधून उघडणारं दार आहे. दोन्ही खोल्या तुमच्याच असतील तर उत्तम. नसतील तर शेजाऱ्याचं घोरणंही तुमचंच.

हलण्याचा त्रास होणाऱ्यांनी जहाजाच्या मध्यावर, खालच्या मजल्यावर घ्यावं. झोपाळा कुठं कमी हलतो ते आठवा, तसंच. अगदी मागं इंजिनाची थरथर जाणवते, अगदी पुढं नांगर टाकताना साखळीचा खडखडाट. तसा मलाक्काचा पट्टा दोन्हीकडं जमीन असल्यामुळं शांत असतो. आमच्या बायकोला रेणापूरच्या एसटीत जेवढं मळमळतं तेवढंही झालं नाही. मागच्या टोकाच्या बाल्कन्या मात्र काही जहाजांवर त्याच भावात मोठ्या असतात. नकाशात बाल्कनीची रेघ जिथं जरा लांब दिसते तिथं थांबून बघा. खिडकी किंवा बाल्कनीपुढं जीवरक्षक होड्या टांगलेल्या असतात अशा खोल्या स्वस्त मिळतात. उजेड मिळतो, समुद्र मिळत नाही.

लिफ्टला अगदी चिकटून नको आणि फार लांबही नको. ही जहाजं सव्वातीनशे मीटरच्या पुढं असतात. चष्मा विसरला म्हणून परत जाणं म्हणजे एक फेरफटकाच. आईचे गुडघे बघून आम्ही लिफ्टपासून सहावी खोली घेतली.

मोठ्या दिसणाऱ्या काही खोल्यांवर चाकाच्या खुर्चीची खूण असते. त्या ज्यांना गरज आहे त्यांच्यासाठी आहेत, जागेसाठी त्या मागू नका.

५. पैसे भरण्याआधी एजंटला हे विचारा

खोलीचा नंबर कोणता? "नंबर नंतर मिळेल" म्हणाले तर ती गॅरंटी खोली. गॅरंटी फक्त प्रकाराची, जागेची नाही. कंपनीकडं शेवटी जे उरेल ते तुमच्या नावावर. माझी पहिली फसगत हीच. एजंटनं खोटं काही सांगितलं नव्हतं, मी विचारलंच नव्हतं. चार पैसे जास्त द्या पण नंबर लेखी घ्या.

बंदर कर आणि दर दिवसाची माणशी टिप भावात धरली आहे का? मुलांचं भाडं "फुकट" असलं तरी हे दोन्ही लागतात. या फेरीला एखाद्या कंपनीचं मोठं संमेलन किंवा लग्न आहे का, हेही विचारा. आपल्याकडचे डीलर मेळावे हल्ली जहाजावर होतात. हजारभर माणसं एकाच वेळी जेवायला सुटली की तुमची सगळी गणितं वाया. परदेशी पॅकेजवर टीसीएस (बुकिंगच्या वेळीच घेतला जाणारा आयकर) कापतात, तो आयकर विवरणपत्र भरताना वळता करून घेता येतो. सीएला पावती द्या.

६. कागद

- पासपोर्ट, परतीच्या तारखेपासून किमान सहा महिने वैध. तिकीट, क्रूझ आणि व्हिसा या तिन्हींवर नाव अक्षर न् अक्षर पासपोर्टसारखंच. आपल्याकडच्या वडीलधाऱ्यांच्या पासपोर्टवर आडनावाचा रकाना पुष्कळदा कोरा असतो, दादांचा होता. तो आधी दुरुस्त करून घ्या.
- सिंगापूरचा व्हिसा, अधिकृत एजंटमार्फत. जहाज बाहेर जाऊन परत सिंगापुरात येतं, म्हणजे तुम्ही दोनदा प्रवेश करता. व्हिसा अनेक प्रवेशांचा आहे ना, ते हातात आल्याबरोबर वाचा.
- एसजी अरायव्हल कार्ड (सिंगापुरात येणाऱ्यांनी भरायचा अर्ज), पोचण्याआधी तीन दिवसांच्या आत ऑनलाइन. सरकारी वेबसाइटवर फुकट आहे. पैसे मागणारी साइट दिसली की बाहेर पडा. क्रूझवरून परतताना पुन्हा भरावं लागतं, हे बहुतेक जण विसरतात.
- जहाज ज्या ज्या देशाला लागणार, त्या प्रत्येकाचा त्या वेळचा व्हिसा नियम.
- क्रूझचा बोर्डिंग पास, बॅगेला लावायची पट्टी, प्रवास विमा.
- पासपोर्टच्या दोन झेरॉक्स. काही जहाजांवर पासपोर्ट उतरेपर्यंत त्यांच्याकडं ठेवतात.

मुंबईहून देशातल्या देशात जाणार असाल तर पासपोर्ट लागत नाही, मूळ ओळखपत्र लागतं. लक्षद्वीपसाठी प्रवेश परवाना लागतो. तो कोण काढणार ते बुकिंगच्या वेळीच विचारा. लातूर-मुंबई एक्स्प्रेसनं सकाळी सीएसएमटीला उतरलात की बंदर जवळच.

७. बॅगेत काय, काय नको

बहुतेक जहाजांच्या खोल्यांच्या भिंती पोलादी असतात, त्यांना लोहचुंबक चिकटतं. चुंबकाचे आठ-दहा हुक न्या (आमच्या दुकानात मिळतात, पण कुठूनही घ्या). टोप्या, पिशव्या, ओले टॉवेल भिंतीवर गेले की जमीन मोकळी. कडक सुटकेसऐवजी मऊ बॅगा न्या, त्या पलंगाखाली जातात.

इलेक्ट्रिक किटली, इस्त्री, एक्स्टेंशन बोर्ड नेऊ नका. आगीच्या भीतीनं जप्त करतात आणि उतरताना परत देतात. घरची भाजी-पोळी चालत नाही; बंद पाकिटातला चिवडा, शेंगदाण्याची चटणी आमची तरी कुणी काढली नाही. शाकाहारी, जैन जेवण बुकिंगच्या वेळीच नोंदवा.

८. चढण्याचा दिवस

सिंगापुरात दोन क्रूझ टर्मिनल आहेत: मरिना बे क्रूझ सेंटर आणि हार्बरफ्रंटचं सिंगापूर क्रूझ सेंटर. तिकिटावरचं नाव नीट वाचा. टॅक्सीवाल्याला नुसतं "क्रूझ टर्मिनल" सांगून चुकीच्या दारात उतरलेलं एक कुटुंब आम्हाला रडकुंडीला आलेलं भेटलं. ते जालन्याचे निघाले! सकाळच्याच विमानानं पोचून दुपारी जहाज गाठायचा बेत करू नका, आदल्या दिवशी जा. आमच्या भागातून हैदराबाद जवळ पडतं आणि तिथून सिंगापूरला थेट विमान आहे.

चढायला वेळेचे गट असतात. सगळ्यात पहिला किंवा अगदी शेवटच्या आधीचा घ्या, मधला नको. खोल्या दुपारी उघडतात, मोठ्या बॅगा संध्याकाळपर्यंत येतात. तोवर सगळं जहाज बुफेत असतं. त्या वेळी मुख्य जेवणघर उघडं आहे का ते विचारा. असलं तर तिथं टेबलाशी बसवून वाढतात आणि माणसं चार असतात. पोहण्याचे कपडे आणि औषधं हातातल्या पिशवीत ठेवा, म्हणजे तलावही तुमचाच.

सुरक्षेची कवायत सक्तीची आहे. ती लवकर उरकून टाका, शेवटच्या क्षणी लिफ्टसमोर मुंगीला जागा नसते.

९. जहाजाच्या घड्याळाच्या उलट चाला

जहाज समुद्रात असतं त्या दिवशी सकाळी साडेआठ ते दहा बुफेकडं फिरकू नका. आपण पहाटे उठणारी माणसं, साडेसहाला जा. आई पाचलाच तयार असायची, पहिल्यांदाच तिच्या सवयीचा आम्हाला फायदा झाला. उशीर झालाच तर मुख्य जेवणघर.

बंदराला जहाज लागतं त्या दिवशी निम्म्याहून जास्त लोक खाली उतरतात. घसरगुंड्या, तलाव, सगळं तेव्हा मोकळं. दोन बंदरं असतील तर एक सोडा, आणि ज्या बंदरात छोट्या होडीतून किनाऱ्याला नेतात तेच सोडा; तिथं रांगेत जाणारा वेळ फिरण्याइतकाच असतो.

मोठ्या कार्यक्रमाचे दोन खेळ असतात. ज्या खेळाच्या वेळी बहुतेक लोक जेवायला बसलेले असतात तो बघा. चढल्याबरोबर जहाजाच्या ॲपवर जागा धरून ठेवा. कार्यक्रम सुटल्यावर लिफ्टची वाट बघू नका, एक मजला खाली उतरा आणि तिथून बटण दाबा.

आंघोळीला पाणी जपून वापरायची सवय मात्र आमची सुटली नाही. जहाज समुद्राचं पाणी गोडं करून वापरतं असं दादांना सांगितलं, तरी ते बादली मागत होते.

१०. उतरताना

आदल्या रात्री मोठ्या बॅगा दाराबाहेर ठेवायला सांगतात. त्या रात्रीतच खाली जातात आणि थेट टर्मिनलवर भेटतात. बॅग स्वतः उचलून नेणार असाल तर ठेवू नका, सगळ्यात आधी उतरता येतं. घाई नसेल तर शेवटचा गट मागा आणि निवांत चहा घ्या. मधल्या गटांतच धक्काबुक्की असते. परतीचं विमान दुपारनंतरचं धरा.

बॅगा बाहेर ठेवण्याआधी प्रत्येकाचा सकाळचा एक जोड बाजूला काढला आहे का, ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा. आमच्याकडं आईनं सगळं नीट घड्या घालून भरलं, कुलूप लावलं आणि दादांची पँटही त्यातच गेली. सकाळी सिंगापूरच्या इमिग्रेशनच्या रांगेत ते मोठ्या नातवाची बर्मुडा आणि स्वतःची गांधी टोपी घालून उभे होते.